मदत हवी आहे : ‘पिंगट’ केस म्हणजे नेमके कोणते?

ठाण्यातील आमच्या वाचनगटासाठी मी एका आयरिश लोककथेचा अनुवाद करीत असून, तिच्यातील मुलीच्या जन्मजात लाल केसांसाठी मराठी विशेषण शोधत आहे. ‘तांबडे’ म्हटले की मेंदी लावल्यासारखे वाटते आणि ‘भुरे’ फिके पडते; ‘पिंगट’ हा शब्द मला मनापासून आवडतो. पतंजलीच्या महाभाष्यात ब्राह्मणाच्या वर्णनात ‘पिंगल’ व ‘कपिलकेश’ हे शब्द शेजारीशेजारी येतात, म्हणजे केसांच्या या रंगाला आपल्याकडे जुनी शब्दसंपत्ती आहे. मोल्सवर्थचा कोश पाहून झाला आहे. आगरी किंवा मालवणी शब्दही चालेल, मात्र हिणवणारा नको. ‘पिवळट’, ‘पांढरट’ यांच्याप्रमाणे ‘पिंगट’मध्येही ‘किंचित’ अशी छटा आहे का, आणि तो ऐकल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तांब्याचा रंग येतो की तपकिरी?