शब्दचर्चा: 'फायनान्शियल पॅरिटी'ला काय म्हणावं?

धागाकर्ता: भाषांतरातलं वाक्य असं आहे: संघांमधल्या फायनान्शियल पॅरिटीनं लीगचं भलं होतं की नुकसान? मी 'आर्थिक समता' लिहिलं, संपादकांनी 'आर्थिक बरोबरी' केलं. खेळाच्या पानावर 'बरोबरी' वाचली की डोळ्यांपुढे १-१ गोल येतो. दुसरा शब्द सुचवा.

बाराखडी: 'समता' तर नकोच. त्या शब्दामागे फुले-आंबेडकर उभे आहेत, तो संघमालकांच्या हिशेबाला कशाला? 'समानता' घ्या.

आखाडा: समानता कसली, ते आधी ठरवा. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये राष्ट्रीय टीव्ही करारांचे पैसे ३२ संघांत सारखे वाटले जातात, ते 'समान वाटप'. १९९४ पासून (२०१० सोडलं तर) पगारावर पक्की कमाल मर्यादा आहे (२०२५ ला २७.९२ कोटी डॉलर), ती 'वेतनमर्यादा'. या दोन्हींतून जे निपजेल अशी आशा असते ते 'तुल्यबळ' संघ. कुस्तीत याला सरळ 'जोड' म्हणतात. मूळ लेखकानं तिन्ही एकाच शब्दात कोंबलंय. मराठीत ते सुटं करा.

बोनसरेषा: सहमत. थैली, म्हणजे खेळाडू घ्यायची रक्कम, सारखी म्हणून जोड लागत नाही. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला ५ कोटी होते. तेलुगू टायटन्सनी त्यातले २ कोटी साडेसाठ लाख एकट्या पवन सेहरावतवर लावले. बाकी सगळ्या संघाला निम्मेही उरले नाहीत. चढाईपटू कितीही भारी असला तरी बाद झाला की बाकावर, आणि त्याला उठवायला दुसऱ्या कोणीतरी गडी बाद करावा लागतो. २२ सामन्यांत २ विजय, तळाचं स्थान. पुणेरी पलटणनंही इराणच्या शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होते, पण अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते ही फळी आधीच राखलेली. पलटण विजेती.

बाराखडी: थैली सत्कारात अर्पण करतात. 'पर्स'ला 'कसा' हा अस्सल मराठी शब्द असताना थैली का?

बोनसरेषा: "मुंबईचा कसा रिकामा झाला" छापून बघा, लोक प्रश्नचिन्ह राहिलं म्हणून कळवतील. २०२५ च्या आयपीएलसाठी १२० कोटींपैकी ७५ कोटी मुंबईनं पाच जण राखण्यातच घातले, तेव्हा ते वाक्य लागलंच असतं. आणि अस्सलचं म्हणाल तर 'लिलाव'च पोर्तुगीज आहे.

बाराखडी: रुळलेल्या शब्दाला माझा आक्षेप नसतो. 'राखलं'ऐवजी 'रिटेन केलं' लिहितात, त्याला आहे.

डावखुरा: 'कॅप'चं भाषांतर कुणी 'पगारटोपी' करू नका. तसं अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये टोपी घालणं चालतंच म्हणा! तिथे मर्यादा नाही, कर आहे: ठरलेल्या रकमेच्या वर गेलात तर वरच्या भागावर पहिल्या वर्षी २० टक्के, लागोपाठ दुसऱ्यांदा ३०, तिसऱ्यांदा ५०. लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघानं ओतानी या जपानी खेळाडूशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, पण दरवर्षी देतात २० लाखच. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये. उशिरा मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत कमी, म्हणून करासाठी वर्षाला ७ कोटींऐवजी सुमारे ४.६ कोटीच धरतात. लोक याला 'लक्झरी टॅक्स' म्हणतात, मी 'चैनकर' लिहितो.

आखाडा: अधिकृत नावात 'बॅलन्स' आहे, 'चैन' नाही. 'समतोल-कर' म्हणा.

डावखुरा: समतोल पर्यावरणाचा राखतात. खेळात 'चुरस' असते. आणि मर्यादेनं चुरस वाढते हेही अर्धंच खरं. आयपीएलमध्ये मुंबई आणि चेन्नई पाच-पाच वेळा जिंकले, पंजाब २०२५ पर्यंत एकदाही नाही. उलट एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये बोस्टननं २०२४ ला विजेतेपद मिळवलं आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात खर्चाची वरची रेषा टाळायला हॉलिडे, पोर्झिंगिस हे खेळाडू सोडले. जमलेला संघ नियमानं मोडतो, याला शब्द आहे का?

आखाडा: पण जर्मनीच्या फुटबॉल लीगमध्ये बायर्न म्युनिक २०१३ पासून २०२३ पर्यंत लागोपाठ अकरा वेळा विजेते, हे बघायला बरं वाटतं का? तिथे अशी पगारमर्यादा नाही.

धागाकर्ता: म्हणजे शीर्षकात 'तुल्यबळ' लिहू?

बाराखडी: 'तुल्यबल' लिहा. 'तुल्य' संस्कृत, त्याला 'बळ' कसं जोडता?

बोनसरेषा: मग 'तुल्य'च काढा. 'तोडीस तोड'.

धागाकर्ता: 'आर्थिक तोडीस तोड'?