मदत हवी आहे : भाज्यांचा लझानिया हलका करायला गेले आणि त्याला पाणी सुटले

नमस्कार.

भाज्यांचा लझानिया (पास्त्याच्या चपट्या पट्ट्या, सॉस, भाजी व चीज यांचे थर लावून भाजलेला इटालियन पदार्थ) घरी हलका कसा करावा, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्याकडे तो महिन्यातून एकदा होतो आणि सर्वांत आवडीने माझे सासरे खातात; मात्र दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना बटर, चीज आणि तेल मोजून घ्यायला सांगितले. पदार्थ बंद करण्यापेक्षा तो बदलून पाहावा, असे मला वाटते. ‘त्यापेक्षा थालीपीठ कर’ हा सल्ला सासूबाईंनी आधीच दिलेला आहे, तेव्हा तो कृपया पुन्हा देऊ नये.

माझी मूळ कृती सहा जणांपुरती आहे. तिला पास्त्याच्या ९ पट्ट्या म्हणजे शीट, ५० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम मैदा व ७५० मिलिलिटर फुल क्रीम दुधाचा व्हाइट सॉस, २५० ग्रॅम मोझरेला आणि वांगे, मशरूम, गाजर, पालक मिळून साधारण एक किलो भाजी लागते. वांग्याच्या चकत्या तेलात परतते आणि टोमॅटोचा सॉस, आपण रस्सा करतो तसा, तेल सुटेपर्यंत शिजवते. या दोन्हींना मिळून चार मोठे चमचे तेल जाते.

मागच्या रविवारी मी चार बदल एकदम केले, हीच बहुधा चूक झाली. टोन्ड दुधाला कॉर्नफ्लोअर लावून बटरशिवाय सॉस केला, मोझरेला १०० ग्रॅमवर आणले, मधल्या थरातील शीट काढून तिथे झुकिनीच्या कच्च्या चकत्या लावल्या आणि बाकीच्या भाज्याही न परतता घातल्या. ओटीजीमध्ये (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) १८० अंशांवर ४० मिनिटे ठेवल्यावर वरून रंग सुरेख आला होता, पण सुरी घातल्याबरोबर तळाशी पाणी जमले आणि वाढताना थर घसरून त्याची पातळ भाजी झाली. सासऱ्यांनी काही न बोलता ती वाटीत घेऊन चमच्याने खाल्ली. त्याआधी एकदा व्हाइट सॉसऐवजी चक्का घालून पाहिला होता, तर तो फाटून दाणेदार झाला.

पाणी नेमके कशामुळे सुटले, आणि चवीला फार धक्का न लावता बटर, चीज, तेल यांपैकी नेमके काय कमी करावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

तुमच्या मूळ कृतीचा हिशोब मांडला, तर बटरमधून सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश येतो, ६ टक्क्यांच्या फुल क्रीम दुधातून ४५ ग्रॅम, मोझरेलातून ५५ च्या आसपास आणि तेलातून पुन्हा साधारण तितकाच. म्हणजे ज्या चीजला आपण सगळे दोष देतो, त्याच्या बरोबरीने तेल आत जाते आणि दूधही बटरच्या मागे नाही. तेल एका चमच्यावर आणा, १.५ टक्के स्निग्धांशाचे डबल टोन्ड दूध ६०० मिलिलिटर घ्या, बटर २५ ग्रॅम ठेवा, आणि मग १५० ग्रॅम मोझरेला खुशाल घाला. माणशी सुमारे ३२ ग्रॅमचे १३ ग्रॅम होतात आणि खाणाऱ्याला चीज दिसतेही.

पाणी भाज्यांचेच आहे. झुकिनीच्या चकत्यांना मीठ लावून अर्धा तास ठेवा आणि काकडी कोशिंबिरीसाठी पिळतो तशी ती पिळून घ्या. वांग्याला तेल ब्रशने लावून चकत्या २०० अंशांवर पंचवीसेक मिनिटे भाजा. कढईत वांगे स्पंजसारखे तेल पिते, ते इथे टळते. मशरूम तेलाशिवाय कोरड्या तव्यावर, सुटलेले पाणी आटेपर्यंत परता. पालक उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळा. टोमॅटोच्या सॉसला तेल सुटण्याची वाट पाहू नका, ती आपल्या मसाल्यांची सवय आहे. पळीने तळावर रेघ ओढल्यावर तिच्यात पाणी धावत आले नाही, की सॉस झाला.

कॉर्नफ्लोअरचा सॉस गॅसवर घट्ट दिसला, तरी टोमॅटोच्या आंबटपणात बराच वेळ तापला की सैल पडतो. मैद्याचा सॉस भट्टीत अधिक टिकतो. म्हणून २५ ग्रॅम बटरवर ४५ ग्रॅम मैदा भाजून घ्या. चक्का फाटण्याचे कारण तुमच्या कढईत रोज असते. ताक फाटू नये म्हणून कढीला आपण बेसन लावतो. तसा वाटीभर चक्क्यात चमचाभर मैदा फेटून तो फक्त वरच्या थराला वापरावा.

शीट न उकडता वापरण्याच्या प्रकारातल्या असतील, तर त्या कोरड्याच लावा, म्हणजे उरलेले पाणी त्याच शोषतील. पहिली २५ मिनिटे भांड्यावर फॉइल मात्र हवे. आणि बाहेर काढल्यावर १५ मिनिटे सुरी लावू नका. घरातले ताटे घेऊन बसलेले असताना हे सर्वांत अवघड जाते.

प्रतिसाद २

वरील सल्ल्याला जोड म्हणून सांगते. इटलीतल्या बोलोन्या शहराच्या पारंपरिक लझानियात मोझरेला नसतेच. तिथे व्हाइट सॉस आणि किसलेले पार्मेजान हे कडक चीज असते, तर रिकोटा व मोझरेला ही नेपल्सकडची पद्धत आहे. थोड्याशा पार्मेजानने चव बरीच भरून निघते. मात्र अस्सल पार्मेजानमध्ये वासराच्या जठरातील रेनेट (दूध घट्ट करून चीज बनवणारा घटक) असते, त्यामुळे शाकाहारी घरात वेष्टन वाचून शाकाहारी रेनेटचेच कडक चीज घ्यावे.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. चार चमचे तेल मी कधी मोजणीतच धरले नव्हते. रेनेटची माहिती वेळेवर मिळाली, कारण आमच्याकडे अंडेही चालत नाही. येत्या रविवारी मैद्याचा सॉस आणि भाजलेले वांगे, एवढेच बदल करून पाहीन. झुकिनी तूर्त बाजूला ठेवते. एकच शंका उरली आहे : आदल्या रात्री थर लावून लझानिया फ्रिजमध्ये ठेवला, तर कोरड्या शीट सकाळपर्यंत सगळा सॉस पिऊन टाकतील का?