मदत हवी आहे: कॉलेजच्या लायब्ररीत लिंक्डइन आणि ऑर्किड (ORCID, संशोधन करणाऱ्याचा कायमचा ओळख नंबर) शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी,

मी तालुक्याच्या गावी एका आर्ट्स-कॉमर्स-सायन्स कॉलेजात ग्रंथपाल आहे. शेवटच्या वर्षाच्या आणि एमएस्सीच्या मुलांना लिंक्डइन नीट वापरायला शिकवायचं बरेच दिवस मनात आहे, पण स्टाफरूममध्ये विषय काढला की ते प्लेसमेंट सेलचं काम, लायब्ररीचा काय संबंध असं ऐकायला मिळतं. आमचा प्लेसमेंट सेल म्हणजे एकच सर, त्यांच्याच गळ्यात नॅकचं (कॉलेजच्या मूल्यांकनाचं) काम आणि परीक्षेचंही, ते तरी कुठे कुठे पुरणार.

मला मात्र संबंध आहे असंच वाटतं. नवीन शैक्षणिक धोरणात ओजेटी (कंपनीत जाऊन प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) आल्यापासून मुलं कंपनी शोधायला लायब्ररीतल्याच कॉम्प्युटरवर येऊन बसतात. कंपनी खरी आहे का, मेसेज करणारा एचआर खरंच तिथे कामाला आहे का, नोकरीच्या आधीच रजिस्ट्रेशन फी मागतोय तर काय समजायचं, हे सगळं म्हणजे सोर्स तपासणंच ना, आणि ते आपण नाही शिकवायचं तर कोणी?

दुसरं म्हणजे नावाचा घोळ. आमच्याकडे पाटील, जाधव, शिंदे ढिगाने, मार्कशीटवर आडनाव आधी, संशोधनाच्या पोस्टरवर नुसतं एस. पाटील, रिसर्च पेपरवर एस. आर. पाटील, आणि मुलीने लग्नानंतर आडनाव बदललं की तिचं आधीचं काम जणू दुसऱ्याच बाईचं होऊन बसतं. ऑर्किड २०१२ पासून आहे, फुकट आहे, १६ आकडी नंबर एकदा घेतला की नाव कितीही बदललं तरी तो तोच राहतो. एका लेखकाची वेगवेगळी नावं एकत्र आणणं आपण कॅटलॉगिंगमध्ये कायम करत आलोय, म्हणून हे तर हक्काने लायब्ररीचं काम आहे. एमएस्सीच्या मुलींना हे पहिला पेपर छापून यायच्या आधी कळायला हवं, नंतर निस्तरत बसायला फार वेळ जातो.

आता अडचण. बऱ्याच मुलींच्या घरी नेटवर फोटो टाकलेला चालत नाही, आणि त्यांना डावलून सेशन घ्यायचं नाहीये. शिवाय प्रोफाइलमध्ये स्वतःबद्दल लिहायच्या अबाउटमध्ये सगळे एकमेकांचं कॉपी करतात, आणि अनोळखी सिनियरला काय लिहायचं हे कळत नाही म्हणून सोबत काही न लिहिता कनेक्ट व्हायची कोरी रिक्वेस्ट पाठवून गप्प बसतात. कोणी असं सेशन घेतलं असेल तर प्लीज सांगा, किती वेळाचं ठेवलं, आणि प्राचार्यांना कसं पटवलं?

प्रतिसाद १
मॅडम, विषय एकदम योग्य आहे, घ्याच. फोटो कंपल्सरी नसतो, आणि टाकलाच तर तो फक्त आपल्या कनेक्शन्सना दिसेल असं सेटिंग करता येतं, हे पहिल्या दहा मिनिटांत दाखवा म्हणजे मुली मोकळ्या होतील. मी पहिल्या तासाला अकाउंट उघडायलाच लावत नाही. कॉलेजच्या लिंक्डइन पेजवर अॅल्युमनी टॅब असतो ना, तिथे आपले माजी विद्यार्थी कुठे राहतात, कुठे नोकरी करतात ते मोठ्या पडद्यावर दाखवतो. आपल्याच गावची मुलगी पुण्यात फार्मा कंपनीत आहे म्हटल्यावर वर्ग सरसावून बसतो. मग तिला पाठवायचा मेसेज सगळ्यांनी मिळून लिहायचा, मी अमुक कॉलेजची, तुमचाच विषय घेतलाय, एवढं एवढं विचारायचं होतं. आधी मराठीत लिहू द्या, इंग्रजी नंतर. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर फळ्यावर लिहून ठेवा.

धागाकर्ती
सर, खूप आभार, मेसेज मराठीत लिहून घ्यायचं मला सुचलंच नव्हतं. पण आमच्या कॉलेजचं लिंक्डइन पेजच नाहीये. ते लायब्ररीने उघडलं तर चालतं का, की प्राचार्यांचं पत्र लागेल? तुमच्याकडे ते कोण सांभाळतं?