केळीच्या बागेत मे महिन्यात लग्न: होण्यासारखं आहे की नुसतं फोटोपुरतं?

बागायतदार_यावल

काल एकाने आपल्या 'वेगळ्या लग्ना'ची योजना टाकली. मेचा दुसरा आठवडा, रावेरकडची केळीची बाग, ४०० पाहुणे, सूर्य मावळताना मंगलाष्टका, केळीच्या पानावर वरण-बट्टी, मातीत लावल्यावर उगवणाऱ्या बियांच्या कागदाच्या पत्रिका, भटजी नाही, डीजे नाही. खाली सगळ्यांचं 'वा वा' चाललंय. राहवलं नाही म्हणून लिहितो.

केळीची लागवड साधारण पाच बाय पाच फुटांवर असते आणि ओळीओळीने ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात. यात मांडव घालणार कुठे? नळीवर गर्दीचे पाय पडले की जोड निसटतात, ड्रिपर मातीने बुजतात, आणि ऐन मे महिन्यात बागेचं एक पाणी चुकलं तरी घड पोसत नाही. आत वारा शिरत नाही. बाहेर ४४ अंश आणि आत दमट कोंदट हवा, त्यात शालू नेसलेली नवरी उभी करणार का?

चिकाचं तर कोणी नावच काढलं नाही. फाटक्या पानाचा किंवा खरचटलेल्या खोडाचा चीक कपड्याला लागला तर त्या क्षणी दिसत नाही. वाळला की तपकिरी डाग धरतो आणि तो धुऊन जात नाही. बस्ता फाडताना हजारो रुपये मोजायचे आणि नंतर डाग बघत बसायचं.

शिवाय मे-जूनचं वादळ. रावेर-यावल पट्ट्यात एका संध्याकाळच्या वाऱ्याने बागा आडव्या होतात. घड लागलेलं झाड आधीच वरून जड असतं. त्याच्याखाली लेकरं खेळवायची? शेतकऱ्याचं वर्षभराचं पीक म्हणजे तुमच्या फोटोमागचा पडदा नाही.

धुळ्याची_ताई

दादा, बागेच्या आत लग्न नको हे एकदम मान्य. पण तुमच्या लिहिण्याचा सूर 'काही वेगळं करूच नका' असा लागतो, त्याचा मला राग येतो. खानदेशातली पोरं कार्यालयाचं तेच ते पॅकेज घेतात, कारण वेगळं करायचं म्हटलं की घरीदारी सगळे असेच अंगावर येतात.

बागेला लागून गहू किंवा हरभरा निघालेलं रान असतंच. ते घ्या, बाग मागे दिसू द्या. गव्हाची धसकटं पायाला टोचतात म्हणून आठ-दहा दिवस आधी रोटाव्हेटर, मग पाणी मारून वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण पायाला न चिकटणारी झाली की, रोलर. आदल्या संध्याकाळी पुन्हा हलकं पाणी शिंपडा, मगच सतरंज्या. हे टाळलं तर पहिल्या अर्ध्या तासात सगळे धुळीने माखतात.

मंच पूर्वेला ठेवा. पश्चिमेला ठेवला तर पाहुण्यांच्या डोळ्यात ऊन येतं आणि फोटोत नवरा-नवरीच्या नुसत्या काळ्या आकृत्या येतात. त्या दिवसांत जळगावकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो, म्हणजे पावणेसातला अंतरपाट धरला पाहिजे. संध्याकाळचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणून चुली ईशान्य कोपऱ्यात. बाजूच्या कनाती घट्ट बांधू नका, वारा भरला की मांडव शिडासारखा उचलला जातो. वरच्या कापडालाही वारा निघायला फटी ठेवायला सांगा. मंडपवाले 'काही होत नाही' म्हणतात, ऐकू नका.

दिवे, ध्वनी आणि दहाएक मोठे कूलर यांना २५ केव्हीएचा जनरेटर पुरतो. त्यातून साधारण २० किलोवॅट मिळतात. कूलर चालू होताना झटका जास्त घेतात, म्हणून एकेक करून चालू करा. वादळाच्या संध्याकाळी हलायला जवळच्या शाळेचा नाहीतर मंदिराचा सभामंडप आधीच सांगून ठेवा.

कुलाचार_अमळनेर

रानाचं झालं, आता मूळ मुद्द्यावर या. भटजी नाही म्हणजे काय? देवक बसवायचं नाही? कुलदैवताला पहिली पत्रिका ठेवायची नाही? लग्न दोघांचं नसतं, दोन घरांचं असतं. आजी-आजोबांना पडद्याआड ढकलून केलेल्या वेगळेपणाला मी लग्न म्हणणार नाही.

धुळ्याची_ताई

भाऊ, भटजी नसणं ही कालची फॅशन नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी त्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. त्यात वधू-वर एकमेकांना वचन देतात. दीडशे वर्षांची परंपरा आहे ही, ती तुमच्या परंपरेत बसत नाही इतकंच. आणि देवक बसवू नका असं त्या पोस्टमध्ये कुठे लिहिलंय? देवक घरी, हळद घरी, लग्न रानात, हे सहज जमतं.

कायदा_शहादा

दोघेही भांडताय, पण लग्न कायद्याने लागलं की नाही हे कोणी विचारत नाही. हिंदू विवाह कायदा १९५५, कलम ७: दोघांपैकी एकाच्या रूढीतले विधी व्हायला हवेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने विवाह सिद्ध होत नाही. म्हणून स्वतः लिहिलेली वचनं वाचून हार घालणार असाल तर सरळ विशेष विवाह कायदा १९५४ धरा. ज्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लावायचं, नाहीतर पुन्हा नवी नोटीस. तीन साक्षीदार. मेचा दुसरा आठवडा ठरलाय तर एप्रिल उजाडताच नोटीस गेली पाहिजे. पुण्यात नोकरी करणारी पोरं इथेच अडकतात: गावाकडच्या मुक्कामाचा पुरावा नसतो.

घरचे घाबरतात की या कायद्याने मुलगा वारसा हक्कातून जातो. दोघेही हिंदू असतील तर तसं होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने घातलेलं कलम २१-अ वाचा.

कुलाचार_अमळनेर

वारशाचं माहीत नव्हतं, ते मान्य. बाकी माझं मत बदललेलं नाही.

चूल_आणि_पातेलं

४०० माणसांना बट्टी, हे वाचून माझं लक्ष दुसरीकडे जाईना. योजनेत 'गोवऱ्यांवर भाजलेली बट्टी' लिहिलंय. पश्चिमेचा वारा, शेजारी केळीची वाळलेली पानं, आणि उघड्यावर गोवऱ्यांचा विस्तव? ठिणगी उडाली तर बाग पेटेल.

तळलेली बट्टी करा. माणशी १२५ ग्रॅम पीठ धरा, ४०० ला ५० किलो: जाडसर गहू ४४ किलो, मका ६ किलो. ओवा, हळद, मीठ, तेलाचं कडकडीत मोहन. घट्ट मळून लांब वळकट्या, अर्धा तास वाफवायच्या. पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही. गरम कापली की भुगा होतो, आणि तो भुगा कढईत जाऊन तेल काळं करतो. वाफवणं दुपारीच उरकता येतं, पंगतीच्या वेळी फक्त तळायचं. तूरडाळ २० किलो, वांगी ६० किलो, तूप १२ किलोच्या खाली नको. बट्टी तूप पिते, तिथे हात आखडला की जेवण फसलं. वांग्याची भाजी घोटून घट्ट ठेवा.

फैजपूरचा_भो

तळलेली बट्टी म्हणजे बट्टी नाही, भो. तळून तिचा नुसता तेलकट वडा होतो. गोवरीचा वास हाच तिचा जीव. आगीची भीती आहे तर दीड फूट खोल चर खणा, वाऱ्याला आडवा, पश्चिमेला मातीचा बांध. गोवऱ्या पूर्ण निखारा झाल्यावरच बट्ट्या टाका, ज्वाळा असताना नाही. शेजारी पाण्याचा टँकर उभा ठेवा. सगळं होतं.

चूल_आणि_पातेलं

चर खणला तरी ५० किलोच्या बट्ट्या निखाऱ्यात फिरवायला माणसं किती लागतील? बाहेरून करपते, आत कच्ची राहते. घरी वीस जणांना करणं वेगळं, पंगत बसलेली असताना ४०० जणांना वाढणं वेगळं. वासाच्या हट्टापायी म्हाताऱ्या माणसांच्या पानात कच्चं पीठ वाढायचं का?

फैजपूरचा_भो

कच्ची राहते ती बट्टी मोठी वळली म्हणून! लिंबाएवढी वळा. तुमनं म्हननं आग आणि माणसं याबाबत खरं शे, एवढंच मी मानतो. तळणीचं मानणार नाही. नवरा-नवरीच्या आणि मानाच्या पंगतीला तरी निखाऱ्यावरची द्या.

चूल_आणि_पातेलं

मानाच्या पन्नास पानांपुरता चर चालेल. त्याहून एकही जास्त नाही.

बागायतदार_यावल

बट्टीवरून पानांचा विषय राहून गेला. मे महिन्यात उष्ण वाऱ्याने बाहेरच्या ओळींची पानं चिंध्या झालेली असतात. घड असलेल्या झाडाचं पान तोडू देऊ नका, पानं गेली की घड हलका भरतो. घड कापून झालेल्या झाडांची पानं घ्या, ती नाहीतरी जायचीच असतात. आतल्या ओळींतली, करपा रोग नसलेली. एका चांगल्या पानाचे तीन तुकडे होतात, म्हणजे ४०० ला एकशे चौतीस पानं, आणि फाटतात म्हणून चाळीस वरची. सकाळी तोडा, ओल्या गोणपाटात ठेवा, वाढण्याआधी पुसून आचेवरून फिरवा, मऊ पडतात आणि दुमडताना चिरत नाहीत. वरण मात्र द्रोणातच. सपाट पानावर ते थेट मांडीवर येतं. पान उडू नये म्हणून खालून ओलं करा आणि पहिली बट्टी वाढा.

ताईंचं मोकळ्या रानाचं म्हणणं मला पटतं. आमच्याकडे गहू निघालेलं रान मेमध्ये पडूनच असतं. पण बागमालकाला भाडं आणि ठिबकच्या नुकसानीची रक्कम आधी लिहून द्या, तोंडी नको.

धुळ्याची_ताई

लिहून द्यायलाच हवं. दुसरं, त्या बियांच्या पत्रिका. छपाईच्या रोलरखाली बी चिरडतं, म्हणून स्क्रीन प्रिंटिंगच करा. तुळस, राजगिरा असं बारीक बी घ्या. तूर-हरभऱ्याने कागद फुगतो आणि फाटतो. मे महिन्यात मिळालेली पत्रिका कोणी कुंडीत लावली तर तिसऱ्या दिवशी रोप वाळेल. 'पहिला पाऊस झाल्यावर लावा, वर माती अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त नको' हे पत्रिकेवरच छापा आणि ती तोवर कोरड्या जागी ठेवायला सांगा.

कुलाचार_अमळनेर

पत्रिका मातीत गाडायची म्हणता, मग वर गणपतीचं चित्र छापू नका. निदान एवढं तरी ऐका.

धुळ्याची_ताई

हे बरोबर बोललात, भाऊ. चित्र वेगळ्या साध्या कागदावर छापून पाकिटात घालता येईल. ते देवघरात ठेवता येतं.

कायदा_शहादा

आणि नोटिशीचं विसरू नका. रहिवासाचा पुरावा, वयाचा दाखला, फोटो आधी जमवा आणि साक्षीदार तिघेही त्या दिवशी गावात असणारेच निवडा. विवाह अधिकारी कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावर येऊन लग्न लावू शकतात, त्याची जादा फी असते. रानात यायला ते तयार आहेत का हे नोटीस देतानाच विचारा. नसतील तर सही सकाळी कार्यालयात, मंगलाष्टका संध्याकाळी.