एड्डांतील कथा आणि आजचे हीदन उपासक

वाचनमग्न यांचा प्रश्न:

गेले काही महिने मी दोन्ही एड्डा, म्हणजे जुन्या नॉर्स देवकथांचे आइसलँडमधील दोन ग्रंथ (काव्य-एड्डा आणि स्नोरीची एड्डा), इंग्रजी अनुवादातून वाचत आहे. शहाणपणासाठी मिमीरच्या विहिरीत एक डोळा गहाण ठेवणारा ओडिन, चोरीला गेलेला हातोडा परत मिळवण्यासाठी नवरीच्या वेषात राक्षसाच्या घरी जाणारा थोर, बांडगुळाच्या डहाळीने प्राण गमावणारा बाल्डर, या कथांनी मला अक्षरशः झपाटले आहे. आज आइसलँड, स्वीडन, अमेरिका येथे स्वतःला हीदन किंवा असात्रू म्हणवणारे लोक याच देवांची उपासना करतात. ते या कथा शब्दशः खऱ्या मानतात का, आणि एड्डा हा त्यांचा धर्मग्रंथ म्हणावा का? शिवाय ओडिन आणि थोर रॅग्नारोकच्या, म्हणजे जगाच्या अंताच्या, युद्धात मरणार असे कथाच सांगत असेल, तर त्यांच्यापुढे माणूस मागणे तरी काय मागणार? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिलालेख यांचा प्रतिसाद:

एड्डाला धर्मग्रंथ म्हणणे मला योग्य वाटत नाही, आणि त्याचे कारण त्या ग्रंथांच्या जन्मातच आहे. आइसलँडने इ.स. 1000 च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि तिथल्याच स्नोरी स्टुर्लुसन या लेखकाने आपली एड्डा लिहिली ती त्यानंतर दोन शतकांनी, 1220 च्या आसपास. तो स्वतः ख्रिस्ती होता. जुन्या दरबारी कवितेतील रूपके नव्या कवींना उलगडावीत हा त्याचा हेतू होता, आणि प्रस्तावनेत तर त्याने हे देव म्हणजे ट्रॉयहून आलेली माणसेच असल्याचे सांगितले आहे. पूजा कशी करावी हे सांगण्यासाठी तो लिहीतच नव्हता.

त्यामुळे कथेत ज्याला मान, त्याला पूजेतही तेवढाच मान, असा हिशेब मांडता येत नाही. उल या देवाचे उदाहरण घ्या. कथांमध्ये त्याचा उल्लेख दोन-चार ओळींपुरता आहे, परंतु स्वीडन आणि नॉर्वेत त्याच्या नावाची कितीतरी गावे आहेत. स्वीडनमधील लिल्ला उल्लेवी येथे 2007 मध्ये झालेल्या उत्खननात त्याचे उपासनास्थळ सापडले, आणि तिथे वाहिलेली साठाहून अधिक लहान लोखंडी कडी मिळाली. तळहातावर मावेल एवढे एकेक कडे कोणी तरी तिथे श्रद्धेने ठेवले होते, आणि त्या श्रद्धेची एकही कथा आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. याउलट लोकी हा कपटी देव जवळपास प्रत्येक मोठ्या कथेत आहे, पण त्याची पूजा होत असल्याचा खात्रीलायक पुरावा नाही. म्हणूनच उपासनेत लोकीच्या नावाने पेयाचे शिंग उचलावे की नाही, यावर आजही हीदन मंडळींत कडाक्याचे वाद होतात.

उत्तरवारा यांचा प्रतिसाद:

मी काही वर्षे रेक्याविकमध्ये राहिलो आहे, म्हणून प्रत्यक्ष उपासनेविषयी लिहितो. तिथल्या असात्रूआरफेलागिद या हीदन उपासकांच्या संस्थेची स्थापना 1972 मध्ये झाली आणि 1973 मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. तिचे पहिले प्रमुख स्वेनब्योर्न बेंटेइन्सन हे शेतकरी होते आणि जुन्या चालींवर रीमुर, म्हणजे आइसलँडची पारंपरिक कथाकाव्ये, गाणारे कवीही होते. काव्य-एड्डाचे मूळ हस्तलिखित डेन्मार्कहून आइसलँडला परत आले ते संस्थेच्या स्थापनेच्या आदल्याच वर्षी, 1971 मध्ये. मला हा योग फार मोलाचा वाटतो.

संस्थेच्या ब्लोटला, म्हणजे सामुदायिक उपासनेला, मी थिंगवेत्लिरच्या मोकळ्या माळावर उभा होतो. वाऱ्याने कागद हातात ठरत नव्हता, पण म्हणणाऱ्याला एड्डातील कडवी तोंडपाठ होती. मग पेय भरलेले शिंग एकेकाच्या हाती आले. ज्याच्या हाती ते येई तो देवाचे, पूर्वजाचे किंवा त्या भूमीच्या रक्षक शक्तींचे नाव घेई, थोडे जमिनीवर ओतून घोट घेई आणि शिंग पुढे देई. पशुबळी तिथे देत नाहीत. श्रद्धेची कबुली माझ्याकडे कोणी मागितली नाही. विद्यमान प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मार्सन यांनी 2015 मध्ये स्पष्टच सांगितले होते की आठ पायांच्या घोड्यावरून फिरणाऱ्या एकाक्ष माणसावर कोणी विश्वास ठेवत असेल असे त्यांना वाटत नाही. या कथांकडे ते काव्यरूपक म्हणून पाहतात. अर्थात देवांना खऱ्याखुऱ्या, स्वतंत्र व्यक्ती मानणारे हीदनही पुष्कळ आहेत, आणि त्यांची निष्ठा मला तितकीच आदरणीय वाटते.

वाचनमग्न यांचा प्रतिसाद:

दोघांचेही मनापासून आभार. उलविषयी मी अगदीच अनभिज्ञ होतो. रॅग्नारोकचा प्रश्न मात्र अजून मनात आहे.

शिलालेख यांचा प्रतिसाद:

त्याचे उत्तर मला एड्डातील हावामाल या काव्यात सापडते. अति बळी देण्यापेक्षा न मागितलेले बरे, कारण देणगी नेहमी परतफेडीची वाट पाहते, असे त्यातील एक कडवे सांगते. या उपासनेचा गाभा देणे-घेणे हा आहे. शिंगातले पेय जमिनीवर ओतायचे ते नाते टिकावे म्हणून, आणि नाते ठेवण्यासाठी समोरचा अमर असण्याची अट नसते. मरणार हे ठाऊक असूनही ओडिन रॅग्नारोकमध्ये त्याला गिळणाऱ्या लांडग्यासमोर उभा राहतो, म्हणूनच पुष्कळ उपासकांना तो जवळचा वाटतो. शिवाय एड्डातील वोलुस्पा हे काव्य रॅग्नारोकपाशी संपत नाही. पाण्याखाली गेलेली भूमी पुन्हा हिरवी होऊन वर येते, आणि वाचलेल्या देवांना गवतात जुन्या खेळातल्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. ते कडवे पुन्हा एकदा काढून वाचा.