जुन्या सेडानला १८ इंची व्हील टाकू की आधी सस्पेन्शन?

प्रश्न: १५ वर्षं जुनी स्पोर्ट्स सेडान, पुढचे टायर आतल्या बाजूने पार गुळगुळीत झालेत, लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारे) आणि १८ इंची व्हील टाकायचं मनात आहे, सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी बुश बघ रे, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे. कंट्रोल आर्मचं (चाक गाडीला जोडणारा दांडा) रबर फाटलं असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, कितीही कर, ब्रेक मारला की टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) हलणारच. नवीन रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळ, चाक लटकत असताना आवळलंस तर रबर पिळलेलंच राहतं, मी हा शहाणपणा करून बसलोय.

उत्तर: आत्ताचा टायर २२५/४५ आर१७ असेल तर २२५/४० आर१८ घे, व्यास जवळपास तोच. ऑफसेटही तपास, म्हणजे व्हील हबवर किती आत किंवा बाहेर बसतं ते.

प्रश्नकर्ता: मग झीज कॅम्बरमुळे (चाकाचा वरून आत किंवा बाहेर कल) नाही?

उत्तर: थोडी. खरा टायर खातो तो टो. अलाइनमेंट स्प्रिंग बसल्यावरच कर, नाहीतर पैसे पाण्यात.