टर्मिनल झालं, विमानांच्या वेळांचं काय?

"नवं टर्मिनल झालं, आता कोल्हापूरला काय कमी?" असं काही जण म्हणतात, ते मत पटलं नाही, राव. उजळाईवाडीच्या आपल्या विमानतळाची इमारत देखणी आहेच, मार्च 2024 मध्ये पंतप्रधानांनी उद्घाटनही केलं. पण कंपन्या इमारत बघून विमान लावत नाहीत. लहान शहरं विमानानं जोडायच्या केंद्राच्या उडान योजनेत सरकार तोटा भरून देतं ते तीन वर्षं, आणि स्वस्त तिकीटही ठराविक सीटांनाच. मुदत संपली की कंपनी स्वतःचा हिशेब बघणारच, तिला शिव्या घालून उपयोग नाही.

खरी गोची मुंबईच्या स्लॉटची, म्हणजे तिथं विमान उतरायला-उडायला मिळणाऱ्या ठरलेल्या वेळेची आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येत नसेल, तर आपल्या शिरोली एमआयडीसीचा फौंड्रीवाला रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोपूनच जाणार! आता नवी मुंबईचा विमानतळ सुरू झालाय. तिथल्या सकाळ-संध्याकाळच्या काही वेळा लहान शहरांसाठी राखून ठेवा, असं आपल्या खासदारांनी दिल्लीत ठणकावून सांगायला काय हरकत आहे? (पोस्टरवर सगळे पुढे असतात.)

आणि हो, कोल्हापूरच्या विमानतळाला छत्रपती राजाराम महाराजांचं नाव द्यायलाच पाहिजे. 1939 साली त्यांच्याच कारकिर्दीत हा विमानतळ सुरू झाला. त्याला स्लॉट लागत नाही, सही लागते.